मागच्या चाकांनी वळणारा रोबो : माझा अनुभव

बेळगावातील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रोबो संघात चाके आणि चेसिस (खालचा सांगाडा) यांची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा स्पर्धेचे काम स्पष्ट होते. रोबोने मैदानाच्या एका टोकापासून धावत यायचे, पुढच्या पंजाने वस्तू अचूक उचलायची आणि तितकीच लांब धाव घेऊन ती पोहोचवायची. डाव्या व उजव्या चाकांच्या वेगात फरक ठेवून वळणारी रणगाड्याची पद्धत बनवायला सोपी आहे. परंतु त्यात चारही चाके एकाच दिशेला बांधलेली असल्यामुळे वळताना ती जमिनीवर आडवी घासतात, मोटर जास्त करंट ओढते आणि पंजा नेमका कोठे थांबेल याचा भरवसा उरत नाही. मेकॅनम चाके आडवीही चालतात, मात्र त्यांच्या तिरप्या रोलरांमुळे ढकलण्याची ताकद घटते. म्हणून पुढची दोन चाके ओढणारी आणि मागची दोन वळणारी, अशी रचना आम्ही निवडली.

आमच्या भागात ही रचना नवी नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांमध्ये ओतीव सुटे भाग उचलणारे फोर्कलिफ्ट आणि भातकापणीला येणारे चाकांचे कंबाइन हार्वेस्टर ही दोन्ही यंत्रे मागच्या चाकांनीच वळतात, कारण दोन्हींचे काम पुढच्या टोकाला असते. पुढची चाके सरळ बांधलेली असली की वळणाचा केंद्रबिंदू नेहमी पुढच्या आसाच्या रेषेवर राहतो. त्यामुळे आसाला लागून बसवलेला पंजा फारसा आडवा सरकत नाही आणि फिरण्याचे सगळे काम शेपूट करते.

आकडेमोड मी वहीत केली. पुढच्या व मागच्या आसांतले अंतर ५०० मिमी आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर ४०० मिमी धरले, तर पुढच्या आसाच्या मध्यापर्यंत मोजलेल्या ६०० मिमी त्रिज्येच्या वळणावर मागचे आतले चाक सुमारे ५१ अंश आणि बाहेरचे सुमारे ३२ अंश वळावे लागते, तर पुढच्या आतल्या चाकाचा वेग बाहेरच्याच्या बरोबर निम्मा ठेवावा लागतो. दोन्ही चाकांचे कोन वेगळे हवेत हे तत्त्व म्युनिकचे घोडागाड्या बनवणारे लांकेनश्पेर्गर यांचे. त्याचे ब्रिटिश पेटंट १८१८ मध्ये त्यांचे लंडनमधील प्रतिनिधी अ‍ॅकरमन यांनी घेतले आणि नाव त्यांचेच राहिले. एका टाय रॉडने (आडव्या दांडीने) दोन्ही चाके जोडायची, तर मागच्या चाकांना वळवणाऱ्या आर्मच्या (छोट्या दांड्यांच्या) रेषा पुढे वाढवल्यावर पुढच्या आसाच्या मध्याशी मिळाल्या पाहिजेत. पण ही जोडणी लहान कोनांतच नीट जुळते. आम्हाला पन्नास अंशांपलीकडे जायचे होते, म्हणून मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी मोटर) दिली.

त्याच वहीत शेपटीचाही हिशेब निघाला. चेसिसचा मागचा कोपरा पुढच्या आसापासून ५८० मिमी मागे आणि मध्यरेषेपासून २४० मिमी बाजूला असेल, तर याच वळणात तो रोबोच्या बाहेरच्या बाजूच्या रेषेपलीकडे सुमारे १८० मिमी झुकतो. मैदानाच्या कठड्याला चिकटून उभा असलेला असा रोबो पुढे जात कठड्यापासून दूर वळूच शकत नाही, कारण शेपूट आधी कठड्यावर आदळते. ही या रचनेची खरी मर्यादा आहे, आणि चालकाने ती मैदानावर उतरण्यापूर्वीच अंगवळणी पाडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत जास्त शिकलो ते लेथच्या शेजारी. नकल (चाक धरून वळणारा भाग) आणि बुश (पिनभोवतीची नळी) ज्यांच्या वर्कशॉपमध्ये करून घेतले, त्या टर्नरकाकांनी जोडणीचा पहिला नमुना हातात घेतला, दोन बोटांत चाक धरून हलकेच हलवले आणि मला सर्व्होच्या आर्मकडे पाहायला सांगितले. चाक टकटक हलत होते, आर्म मात्र जागचा हलत नव्हता; सांध्यात सैलपणा, म्हणजे प्ले, होता. "एवढा प्ले ठेवलास तर गाडी नागमोडी जाणारच की, बाळ. सांधा बोल्टच्या आट्यांवर फिरवायचा नसतो," असे म्हणून त्यांनी आट्यांनी कातरलेले भोक मला दाखवले. घरी येऊन मी हिशेब मांडला. २५ मिमीच्या आर्मवर अर्ध्या मिलिमीटरचा प्ले म्हणजे चाकाच्या कोनात एका अंशाहून थोडी अधिक चूक. पुढच्या चाकांनी विरोध केला नाही असे धरले, तर पाच मीटरच्या धावेत रोबो अर्धा मीटर बाजूला जातो. त्यानंतर सांध्यांना रॉड एंड बेअरिंग (दांडीच्या टोकाचे गोल फिरते बेअरिंग) लावले, पिनचा गुळगुळीत भाग भोकात राहील अशी लांबी घेतली आणि भोके रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) साफ केली. कोणताही प्रोग्राम लिहिण्यापूर्वी हे झाले, याचे मला फार समाधान आहे.

वजनाची तपासणी दोन वजनकाट्यांनी केली, एक पुढच्या आसाखाली आणि एक मागच्या. वीस किलोच्या रोबोत बॅटरी पुढच्या आसाच्या लगेच मागे सरकवल्यावर पुढच्या काट्यावर साडेबारा किलो आले. ओढणाऱ्या चाकांवर भार हवाच, कारण पुढे वेग घेताना थोडा भार मागे सरकतो आणि पुढची चाके घसरू लागतात.

वेगात मात्र या रचनेचा स्वभाव बदलतो. उजवीकडे वळायचे असेल तर मागची चाके आधी शेपूट डावीकडे ढकलतात. चालकाला रोबो उलट गेल्यासारखा दिसतो, तो घाईने सुधारणा करतो आणि डोलणे वाढत जाते. यावर आम्ही दोन उपाय केले. पहिला म्हणजे वेग वाढेल तसा चाकांचा जास्तीत जास्त कोन आणि तो बदलण्याची गती प्रोग्राममध्ये कमी केली. दुसरा उपाय मला जास्त महत्त्वाचा वाटतो: लांब धाव शेपूट पुढे करून घ्यायची, म्हणजे वळणारी चाके आघाडीला येतात आणि रोबो मोटारगाडीसारखा शांत चालतो, वस्तूजवळ पोहोचल्यावर जागेवर फिरून पंजा समोर आणायचा. जागेवर फिरण्यासाठी मागची दोन्ही चाके विरुद्ध दिशांना सुमारे ६८ अंश वळवतात आणि पुढची चाके समान वेगाने एकमेकांच्या उलट फिरवतात. दोन्ही दिशांनी चालवायचे असल्यामुळे किंगपिन (ज्याभोवती चाक वळते तो खुंटा) चाकाच्या टेकण्याच्या बिंदूच्या बरोबर वर उभा ठेवला. तो पुढे सरकवला असता तर एका दिशेला चाक आपोआप सरळ झाले असते, पण उलट दिशेला त्याच चाकाने सर्व्होशी झुंज घेतली असती.