पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत बळदाच्या खोलीत, नाहीतर माळवदाखालच्या कोनाड्यात अजूनही एखादी पायली, म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, सापडते. ज्वारी आता किलोवर विकली जाते, त्यामुळे ती तशीच धूळ खात असते. चौथी-पाचवीच्या लेकरांना गणिताचं कोडं घालायला मात्र तिच्याइतकं चांगलं साधन क्वचितच मिळेल.

हिशोब सरळ दुपटीचा आहे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. चिपटं १ धरलं की पुढची मापं २, ४, ८ आणि १६. (मापं गावोगाव थोडी बदलायची. कोड्यापुरता हाच हिशोब धरायचा.)

खरी मापं मिळाली तर उत्तमच. नाहीतर पुठ्ठ्याचे पाच तुकडे कापून त्यांवर मापाचं नाव आणि १, २, ४, ८, १६ हे आकडे लिहावेत. प्रत्येक गटाला ३१ चिंचोके द्यावेत. गट तिघांचाच बरा, चौथा नुसता बघत बसतो.

पहिला प्रश्न: घरात प्रत्येक माप एकेकच आहे आणि ते एकदाच भरायचं. ११ चिपटी ज्वारी कशी मोजाल? अधोली, मापटं, चिपटं, हे बहुतेकांना पटकन जमतं. मग ७, १९, ३०. त्यानंतर खरा प्रश्न टाकायचा: १ पासून मोजत गेलं तर न मोजता येणारी पहिली संख्या कोणती?

इथं दोन चुका हमखास होतात. पहिली, ५ साठी २, २, १ घेणं. यावर नियम पुन्हा सांगत बसू नये. हातात पुठ्ठ्याचा तुकडा एकच असला की चूक लेकराला आपोआप दिसते, म्हणून हे कोडं फळ्यावर घालू नये. दुसरी चूक २१ ला होते. लेकरं लहान मापापासून भरत जातात: १, २, ४, ८ मिळून १५ होतात, १६ घातले की ३१, आणि मग ‘जमत नाही’ म्हणतात. ‘मोठ्यापासून सुरुवात कर’ असं सांगितलं की उत्तर मिळतं, पण कोडं तिथंच संपतं. त्याऐवजी एवढंच विचारावं: पायली वापरलीच नाही, तर बाकीच्या चार मापांत जास्तीत जास्त किती मावेल? १५. म्हणजे १६ किंवा त्याहून जास्त असेल तर पायली घ्यावीच लागते. उरले ५. आता तोच प्रश्न अधोली नसताना, मग शेर नसताना. लेकराच्या तोंडून ‘म्हणून’ हा शब्द इथं पहिल्यांदा मनापासून येतो. उत्तर यायला दहा मिनिटं लागली तरी लागू द्यावीत.

अडलेल्या गटाला इशारा देण्यापेक्षा कोडं लहान करून द्यावं: फक्त चिपटं, मापटं, शेर आणि १ ते ७. उत्तरं पाटीवर लिहून पाटी पालथी ठेवायला लावावी, नाहीतर सगळ्यात चपळ पोराचं उत्तर ऐकून बाकीचे हात थांबतात.

तक्ता शेवटी करावा. पायलीपासून चिपट्यापर्यंत पाच रकाने, प्रत्येक संख्येसमोर ‘हो’ किंवा ‘नाही’. ११ ची ओळ होते: नाही, हो, नाही, हो, हो. तक्ता आधीच दिला तर लेकरं चिपट्याच्या रकान्यात हो-नाही-हो-नाही असं उभं भरत सुटतात. तक्ता बरोबर येतो, पण मोजणी कुणीच केलेली नसते. संगणक ज्या ० आणि १ वर चालतो ती हीच मांडणी, हे तक्ता पुरा झाल्यावरच सांगावं.

पुढचे प्रश्न तिथूनच निघतात. शेर हरवला तर १ ते ३१ पैकी किती संख्या मोजता येणार नाहीत? १६. एकच संख्या दोन वेगळ्या तऱ्हांनी मोजता येईल का? येत नाही, आणि का येत नाही हे पायलीच्याच युक्तिवादाने लेकरं सांगू शकतात.

आता आठवडी बाजार. खिशात १, २, ५ आणि १० ची एकेकच नाणी. १ ते १८ पैकी कोणती रक्कम बरोबर देता येत नाही? ४, ९ आणि १४. दुकानदाराकडे सुट्टे असतील तर? ४ साठी ५ देऊन १ परत, ९ साठी १० देऊन १ परत, १४ साठी १५ देऊन १ परत. ‘परत घेणं’ म्हणजे वजाबाकी, हे इथं शिकवावं लागत नाही.

सातवी-आठवीला हेच तराजूवर न्यावं. १, ३, ९, २७ किलोची चार वजनं, दोन्ही पारड्यांत ठेवायची मुभा. १ ते ४० पर्यंतची प्रत्येक पूर्ण किलोची ज्वारी तोलता येते. ५ किलोसाठी ९ एका पारड्यात, ३ आणि १ ज्वारीच्या बाजूला. बरीच लेकरं ज्वारीशेजारचं वजन मिळवतात आणि १३ म्हणतात. तेव्हा काठी, सुतळी आणि दोन झाकणांची तागडी करून द्यावी, किलोऐवजी चिंचोके घ्यावेत आणि पारडं कुठं झुकतं ते त्यांनाच बघू द्यावं.