माकेमाशिता

रविवार, रात्र. तोक्यो

सप्टेंबरची सुमो स्पर्धा आज संपली. टीव्ही बंद केला आणि शब्दांची वही काढली.

जिंकणं म्हणजे कात्सु, हरणं म्हणजे माकेरु, बरोबरी म्हणजे हिकीवाके. पाठ्यपुस्तकाचं एवढ्यावर भागतं, सुमोचं नाही. वरच्या दोन विभागांतल्या पैलवानाला पंधरा दिवसांत पंधरा कुस्त्या. आठ जिंकला की 'काचिकोशी', आठ हरला की 'माकेकोशी'. एकाने बहुधा बढती, दुसऱ्याने घसरण. त्यामुळे शेवटच्या दिवशी सात-सातवर अडकलेला पैलवान मला विजेतेपदाच्या लढतीपेक्षा जास्त धाकधूक लावतो. जिंकलेल्या कुस्तीला 'शिरोबोशी', म्हणजे पांढरा तारा म्हणतात. तक्त्यात मात्र छापतात गोल. का कोण जाणे.

आपली मराठी सवय आड येते ती व्याकरणात. आपण सामना जिंकतो. जपानीत 'शिआइ नि कात्सु', शिआइ म्हणजे सामना. कर्माला लागणारा 'ओ' प्रत्यय तिथे चालत नाही, 'नि' लागतो. ज्याच्याकडून हरलो त्यालाही हाच 'नि'. 'ओतोतो नि माकेता', धाकट्या भावाकडून हरले.

पण मला सगळ्यात आवडतो तो शोगीतला, म्हणजे जपानी बुद्धिबळातला, 'माकेमाशिता'. राजा पुरता कोंडेपर्यंत व्यावसायिक खेळाडू सहसा थांबतच नाहीत. हरणारा मान झुकवून 'हरलो' म्हणतो, आणि डाव तिथे संपतो. जिंकणारा मुठी-बिठी उंचावत नाही. मग दोघं मिळून तोच डाव पुन्हा मांडून बघतात, कुठे बिनसलं ते. फुजिई सोताने 2023 मध्ये आठही मोठे किताब एकाच वेळी जिंकून दाखवले. 2024 च्या जूनमध्ये त्यालाही त्याच्याच वयाच्या इतो ताकुमीपुढे 'एइओ' किताब सोडावा लागला. आपल्याकडे पत्त्यांच्या डावात कुणी इतक्या सरळपणे हरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

हरणाऱ्याची आतली चडफड म्हणजे 'कुयाशी'. थोडक्यात हुकलं की बघणारे म्हणतात 'ओशी!' हा शब्द रोज कानावर पडतो, म्हणून तो पाठ करावा लागला नाही.

आणि हाच माकेरु बाजारात गेला की भाव उतरवतो. 'सुकोशी माकेते कुदासाई', थोडे कमी करा ना. सुपरमार्केटात असं विचारायची सोय नाही, पण उएनोच्या आमेयोको बाजारात घासाघीस चालते. शनिवारी मासळीवाल्यावर वापरून बघणार आहे. नवरा म्हणतो, आधी हजाराच्या वरचे आकडे पाठ कर, नाहीतर त्याने किती कमी केले तेच कळायचं नाही.