शाळेच्या फाटकाबाहेरची इंजिनं बंद झाली, त्याचा अनुभव

शाळा सुटायच्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या बस आणि व्हॅननी इंजिन बंद ठेवावं, एवढीच माझी मागणी होती. तिला कोणी विरोध केला असंही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी इंजिनं तशीच घरघरत राहिली. ती शेवटी बंद कशी झाली ते सविस्तर लिहितेय, कारण हेच चित्र असलेल्या शाळा कमी नाहीत.

आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मुलगा दुसरीत आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, त्याची गरज नाही. रस्ता अरुंद; एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला दुकानांची रांग. बस सुट्टीच्या अर्धा तास आधीच येऊन लागतात. सगळ्या डिझेलच्या, सगळ्या चालू. धुराला जायला जागाच नाही. बसचा पाइप खाली धूर सोडतो, आणि दुसरीतल्या मुलाचं नाक मोठ्या माणसाच्या नाकापेक्षा त्याच्या जास्त जवळ असतं. शिवाय वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं. माझ्या मुलाची छाती दर हिवाळ्यात भरते. नेब्युलायझर आमच्या घरात कपाटावर नसतो, टेबलावरच असतो.

डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. त्यातले पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आपल्याकडे त्यांची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणतेय. आपलं इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं, २०२३ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांमध्येही पहिलं आलं. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण हवा मोजणारं यंत्र शहराची हवा सांगतं, फाटकाबाहेरच्या पन्नास पावलांची नाही. ती आपणच बघायची असते.

आधी शाळेला अर्ज दिला. मॅडमनी लगेच पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकली आणि भिंतीवर ‘कृपया इंजन बंद रखें’ अशी पाटी लागली. पालकांच्या बऱ्याच गाड्या बंद होऊ लागल्या. आपल्या सिग्नलांवर ‘रेड लाइट ऑन, इंजन ऑफ’ची मोहीम झालेली असल्यामुळे लोकांना विषय ऐकून माहीत होता. बस मात्र चालूच. मग वाहतूक पोलिसांना सांगितलं. हवालदार आले, त्यांच्यासमोर सगळ्या बस बंद झाल्या. ते पुढच्या चौराह्याकडे वळले आणि एकेक करून परत सुरू झाल्या. रोज त्यांनी तिथे उभं राहावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

गाडी खरी पुढे सरकली ती आमच्या गल्लीतल्या काकांमुळे. ते आयुष्यभर बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘अगं, ड्रायव्हरला दंडाची भीती घालण्याआधी विचार तरी, तो बंद का करत नाही.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसच्या वेळेच्याही आधी टपरीवर जाऊन बसलो. चहा झाला, काकांनी जुन्या गाड्यांच्या गोष्टी काढल्या आणि ड्रायव्हर मोकळे झाले. एकजण मला सरळ म्हणाला, ‘‘दीदी, बंद कर दी और सेल्फ नहीं उठा, तो बच्चों से धक्का लगवाऊँ क्या?’’

सेल्फ म्हणजे बॅटरीच्या जोरावर इंजिन सुरू करणारी मोटर. मला वाटत होतं, हा आळस आहे. ती बॅटरी होती. काकांनी एका बसचं बॅटरीचं झाकण उघडून दाखवलं: टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड जमलेली, वायर हाताने हलवली तर हलणारी. अशा गाडीत सेल्फ एकदा उचलतो, दुसऱ्यांदा उचलेलच याची खात्री नाही. ड्रायव्हर बिचारा सकाळी एकदा गाडी सुरू करतो आणि घरी जाईपर्यंत बंद करायची हिंमत करत नाही.

दुसरं कारण ब्रेकचं. मोठ्या बसचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन चालू असेल तोवर कंप्रेसर टाकीत हवा भरतो. काकांनी एका बसचं इंजिन बंद करायला लावलं आणि डॅशबोर्डवरच्या प्रेशरच्या काट्याकडे बोट दाखवलं. डोळ्यांदेखत काटा खाली सरकत होता. चांगल्या गाडीत तो बराच वेळ जागेवर राहतो. म्हणजे कुठेतरी हवा गळत होती, आणि ती गळती झाकायलाच ड्रायव्हर इंजिन चालू ठेवत होता. हे कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आम्ही धुरासाठी गेलो होतो आणि ज्या बसमध्ये रोज चाळीस मुलं बसतात तिच्या ब्रेकची हवा गळताना पाहून आलो.

तिसरं कारण रांगेचं. पहिली बस भरून निघाली की मागच्या सगळ्या एकेक गाडी पुढे सरकायच्या. दर दोन मिनिटांनी दहा फूट. अशा रांगेत कोणी इंजिन बंद करत नाही, मीही केलं नसतं. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, गार व्हायला इंजिन चालू ठेवावं लागतं, असंही एकाने सांगितलं. काका म्हणाले, हायवेवरून ताणून आणलेल्या गाडीला एखाद-दोन मिनिटं ठीक. शहरात रांगत आलेल्या बसला अर्धा तास कशाला?

मग मी शाळेकडे परत गेले, पण या वेळी मागणी वेगळी होती. बसच्या ठेकेदारांना बोलावलं. काकांनी त्यांच्यासमोर हिशेब मांडला: मोठी बस उभ्याउभ्या तासाला साधारण दोन लिटर डिझेल जाळते. शाळा सुटायच्या दोन वेळा मिळून रोज तासभर, आणि डिझेल नव्वदीच्या वर. महिन्याला एका बसमागे साडेचार हजारांच्या आसपास. नव्या बॅटरीचे पैसे तीन-चार महिन्यांत वसूल. धुराबद्दल मी बोलले तेव्हा ते सभ्यपणे ऐकत होते. हा आकडा ऐकल्यावर एकाने मोबाइल काढून स्वतः गुणाकार केला. हवेच्या गळतीवर मात्र मॅडमनी चर्चाच ठेवली नाही. गळती दुरुस्त होईपर्यंत ती बस येणार नाही, असं तिथेच सांगितलं. त्यांचं हे मला फार आवडलं.

रांग मोडायला सोपा उपाय निघाला. भिंतीवर रूटचे नंबर रंगवले. ज्या बसचा जो नंबर, तिथेच तिने उभं राहायचं. पुढे सरकायचंच नाही, मुलं बसकडे येतात. जी आधी निघते ती पुढे, असा क्रम लावला. या एका रंगाच्या डब्याने जेवढं काम केलं तेवढं पाटीने आणि दंडाने मिळून केलं नव्हतं.

आता बहुतेक बस येतात, जागेवर लागतात आणि बंद होतात. ड्रायव्हर खाली उतरून टपरीच्या सावलीत बसतात. बेल झाल्यावर, मुलं चढू लागली की सुरू करतात. मुलाची छाती यामुळे सुधारली असा दावा मी करणार नाही. हिवाळा अजून यायचाय.

एसीच्या व्हॅन अजून सुटलेल्या नाहीत. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना ड्रायव्हरला बंद गाडीत बस म्हणणं मला पटत नाही, आणि पहिलीच्या मुलांना तापलेल्या व्हॅनमध्ये कोंबणं तर नाहीच. त्यासाठी भिंतीलगत पत्र्याची शेड घालायची आणि एसी सुट्टीच्या पाच मिनिटं आधी लावायचा, असं ठरतंय. शेडला नगर निगमची परवानगी लागेल. अर्ज काकांनी लिहून दिलाय; सोमवारी मी तो घेऊन जाणार आहे.