तळं गोठायच्या आधी

परवा सकाळी आईला व्हिडिओ कॉलवर अंगण दाखवलं, तर ती घाबरलीच. "अगं, सगळी झाडं वाळली की काय तुमच्याकडची?" मी बाहेर जाऊन मेपलची फांदी कॅमेऱ्यासमोर धरली. पान एकही नाही, पण टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी टोकदार, तपकिरी कळी. पुढच्या वसंतातली पानं तिच्यात मिटून बसली आहेत. तीही आत्ता नाही, उन्हाळ्यातच. आई बराच वेळ बघत राहिली.

इथे अमेरिकेत, मिनियापोलिसला येणारे पाहुणे ऑक्टोबरच मागून घेतात, आणि रंग आहेतच तसे. दिवस लहान व्हायला लागले की पानातलं हरितद्रव्य विरतं आणि आत दडलेला पिवळा दिसायला लागतो. शुगर मेपलचा लाल मात्र दडलेला नसतो, तो झाड त्याच दिवसांत नव्याने घडवतं. जाता जाता इतका खर्च! तेव्हा मीही फोटो काढत सुटते. पण माझा जीव रमतो तो त्यानंतरच्या दिवसांत, पानं गळून गेलेली आणि बर्फ अजून यायचा असतो तेव्हा.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं हिवाळ्याच्या वेळेसाठी तासभर मागे जातात आणि पाचच्या आत दिवेलागण होते. दिवाळी या दिवसांत आली, तर आमचा आकाशकंदील पार कोपऱ्यावरच्या वळणावरून दिसतो, कारण मध्ये पानांचा आडोसाच उरलेला नसतो.

मग रोज तळ्यावर चक्कर. ब्दे माका स्का हे त्याचं डकोटा भाषेतलं नाव, म्हणजे पांढऱ्या मातीचं तळं. ते एका रात्रीत गोठत नाही. पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सियसला. त्यामुळे वरचं पाणी गार झालं की खाली जातं, खालचं वर येतं, आणि सगळं तळं ४ अंशांवर येईपर्यंत ही घुसळण चालते. त्यापुढे गार होणारं पाणी हलकं, म्हणून ते वरच राहतं आणि तिथेच गोठतं. खाली मासे सुखरूप. हे शाळेत पाठ केलं होतं; काठावर उभं राहून पाहताना अंगावर काटा आला.

सध्या काठालगत काचेसारखी पातळ कड धरली आहे. तिच्यात ओकचं एक पान अडकलंय, शिरा न् शिरा मोजता येतील असं. वाऱ्याने लाट आली की ती कड किणकिणते, काकणं वाजावीत तशी. चालायला किमान ४ इंच बर्फ हवा, म्हणजे अजून बरेच दिवस आहेत.

काल फोनवर आईनेच पहिल्यांदा विचारलं, "आज किती गोठलं गं?"

"काठापासून दोन हात," मी म्हटलं.