तुम्ही विचारलेत म्हणून : परत एकत्र आले ते पैशासाठीच ना?

मी मँचेस्टरजवळ राहते आणि पाश्चात्त्य पॉप संगीताविषयी अधूनमधून लिहिते. त्यामुळे इथल्या मराठी मंडळात असो की पुण्यातल्या नातेवाइकांत, टेक दॅट या बँडचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो : "एवढे भांडून वेगळे झाले आणि दहा वर्षांनी परत एकत्र आले, ते पैशासाठीच ना?" विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते, त्याला फक्त माझी मान डोलावून हवी असते. मी "हो" म्हणते, पण ते उत्तर अर्धेच आहे आणि उरलेले अर्धे चहाच्या कपाबरोबर संपण्यासारखे नाही, म्हणून ते इथे लिहिते. माझे म्हणणे असे की, हा बँड मोडण्यात मानापमानाइतकाच पैशाचाही हात होता आणि तो पुन्हा जुळून टिकला तो पैसा आणि मान या दोन्हींची वाटणी नव्याने झाली म्हणून.

सुरुवातीची घडणच पाहा. १९९० मध्ये नायजेल मार्टिन-स्मिथ नावाच्या मँचेस्टरच्या व्यवस्थापकाने अमेरिकेतल्या न्यू किड्स ऑन द ब्लॉकचे यश पाहून तसाच मुलांचा बँड इंग्लंडमध्ये उभा करायचे ठरवले. त्याच्या हाती आधी लागला तो गॅरी बार्लो. कामगारवस्तीतल्या क्लबांमधून कीबोर्ड वाजवून गाणाऱ्या या मुलाकडे विशीच्या आतच स्वतःच्या गाण्यांचा साठा तयार होता. बाकीचे चौघे त्याच्याभोवती बसवले गेले. हॉवर्ड डोनल्ड गाड्या रंगवायचा, जेसन ऑरेंज घरे रंगवायचा आणि दोघेही ब्रेकडान्समध्ये तरबेज होते. मार्क ओवेन बँकेत नोकरीला होता, आणि स्टोक-ऑन-ट्रेंटचा रॉबी विल्यम्स अवघा सोळा वर्षांचा होता. एकाने गाणी लिहायची आणि चौघांनी नाचायचे, ही विभागणी पहिल्या दिवसापासून ठरून गेली होती. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ मला तिथेच दिसते.

यश लगेच आले नाही. समलिंगी पुरुषांचे क्लब, शाळा, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या पार्ट्या, जिथे बोलावणे येईल तिथे ते नाचत होते. पहिली तीन गाणी ब्रिटिश क्रमवारीत अनुक्रमे ८२, ३८ आणि ४७ या क्रमांकांवर अडकली. १९९२ मध्ये सत्तरच्या दशकातले एक जुने डिस्को गाणे त्यांनी नव्याने गायले आणि ते सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. जुलै १९९३ मध्ये बार्लोने लिहिलेले 'प्रे' पहिल्या क्रमांकावर गेले, आणि तिथून १९९६ पर्यंत त्यांची आठ गाणी पहिल्या क्रमांकावर पोहोचली. 'बॅक फॉर गुड' तर अमेरिकेतही पहिल्या दहांत गेले, जिथे या बँडला एरवी फारसे कोणी विचारत नव्हते.

याच काळात पुण्यात आमच्याकडे केबल आली होती आणि ही पाच मुले आम्हाला घरबसल्या दिसू लागली होती. माझ्या मैत्रिणीने त्यांची कॅसेट आणली, तेव्हा आम्ही त्यातले घडी घातलेले कव्हर उलगडून, डोळ्यांजवळ धरून वाचत असू. छायाचित्रात पाचही जण सारखेच ऐटीत उभे होते, पण गाण्यांच्या नावांखालच्या बारीक अक्षरांत बहुतेक ठिकाणी एकच नाव होते, बार्लो. तेव्हा आम्हाला त्याचे काही वाटले नाही, कारण कोणाचे केस चांगले आहेत हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता.

त्या बारीक अक्षरांचा अर्थ मात्र मोठा होता. गाणाऱ्याला जे मिळते ते मुख्यतः रेकॉर्डच्या विक्रीतून आणि दौऱ्यांतून, तेही कंपनीचा खर्च आणि व्यवस्थापकाचा वाटा वजा जाता, पाच जणांत विभागून. गाणे लिहिणाऱ्याचे मानधन वेगळे असते. गाणे रेडिओवर वाजले, दूरचित्रवाणीवर वाजले, दुसऱ्या कोणी गायले, तरी त्याचा हिस्सा लेखकाकडे जात राहतो, आणि बँड मोडल्यानंतरही जात राहतो. म्हणजे एकाच मंचावर, एकाच घामात भिजून नाचणाऱ्या पाच मुलांपैकी एकाच्या नावावर आयुष्यभराची मिळकत जमा होत होती आणि बाकीच्यांचे उत्पन्न त्यांच्या लोकप्रियतेइतकेच अल्पायुषी होते. यात बार्लोने कोणाला फसवले असे नाही, कारण गाणी खरोखरच तो लिहीत होता. पण ती गाणी घराघरांत पोहोचली ती चौघांच्या नाचामुळे आणि चेहऱ्यांमुळेही, आणि या श्रमाला त्या हिशेबात रकाना नव्हता.

तडा गेला तो रॉबीच्या बाजूने. त्याला बँडमधली शिस्त जाचत होती, दारू वाढली होती आणि आपला आवाज व आपली मते कोणी मोजत नाही अशी त्याची तक्रार होती. जून १९९५ मध्ये ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवात तो ओअॅसिस या रॉक बँडच्या मंडळींबरोबर धिंगाणा घालताना दिसला आणि जुलैमध्ये तो बँडबाहेर होता. उरलेल्या चौघांनी काही महिने रेटले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे नेमक्या रॉबीच्या बाविसाव्या वाढदिवशी, त्यांनी पत्रकार परिषदेत बँड संपल्याचे जाहीर केले. शोकाकुल मुलींसाठी दूरध्वनीवर समुपदेशनाची सोय करावी लागली, याची आजही थट्टा होते. मला ती थट्टा आवडत नाही. क्रिकेटचा सामना हरल्यावर दूरचित्रवाणी संच फोडणाऱ्यांना आपण चाहते म्हणतो आणि रडणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला वेडी म्हणतो.

मधली दहा वर्षे अनेकांना पाठ आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. सर्वांचा अंदाज असा होता की बार्लो मोठा होणार आणि रॉबी विस्मरणात जाणार. घडले उलटे. बार्लोचे पहिले एकल गाणे पहिल्या क्रमांकावर गेले खरे, पण १९९९ मधला त्याचा दुसरा अल्बम आपटला आणि त्याने मंच सोडून दुसऱ्यांसाठी गाणी लिहायला घेतली. रॉबीला १९९७ मध्ये 'एंजल्स' हे गाणे सापडले आणि ऑगस्ट २००३ मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थ इथे तीन रात्रींत मिळून ३,७५,००० लोक एकट्या त्याला ऐकायला आले. या सगळ्या काळात मुलाखतींतून तो बार्लोची यथेच्छ टर उडवत होता. मार्कने २००२ मध्ये सेलिब्रिटी बिग ब्रदर हा दूरचित्रवाणीवरचा रिअॅलिटी शो जिंकला, हॉवर्ड डीजे झाला, जेसनने थोडा अभिनय केला आणि मग शिक्षणाकडे वळला.

नोव्हेंबर २००५ मध्ये आयटीव्ही वाहिनीने त्यांच्यावर एक माहितीपट दाखवला. त्यात एका मोठ्या घरात चौघे जमतात आणि रॉबी येईल का याची वाट पाहतात. तो आला नाही, त्याने चित्रित केलेला निरोप पाठवला. तरीही त्या कार्यक्रमाला प्रचंड प्रेक्षक लाभले आणि त्याच महिन्यात चौघांनी २००६ च्या दौऱ्याची घोषणा केली. हा दौरा पैशासाठीच होता, यात मला शंका नाही. जुनी गाणी, जुने नाच, आणि रॉबीच्या जागी मंचावर प्रकाशाने उमटवलेली त्याची प्रतिमा, असा तो बेत होता. तिथेच थांबले असते तर तुमचा प्रश्न आणि माझा होकार, दोन्ही पुरेसे ठरले असते.

पण त्यांनी नवा अल्बम करायचे ठरवले, आणि खरा निर्णय तिथे झाला. २००६ च्या अखेरीस आलेल्या त्या अल्बमची पुस्तिका मी मुद्दाम उघडून पाहिली. गाण्यांखाली, बहुतेक ठिकाणी बाहेरच्या संगीतकारांबरोबर, चौघांचीही नावे होती : बार्लो, डोनल्ड, ऑरेंज, ओवेन. ज्याच्याकडे गाणी लिहिण्याची कला होती आणि जो पूर्वीप्रमाणेच सगळे आपल्या नावावर ठेवू शकला असता, त्याने आपले सर्वांत किमती दालन इतरांना उघडून दिले होते. आवाजही वाटून घेतले गेले. हॉवर्डच्या वाट्याला गाणी आली, पहिल्या पर्वात जवळजवळ मुका असलेला जेसन एका गाण्यात मुख्य गायक झाला, आणि मार्कने गायलेल्या 'शाइन'ला पुढे वर्षातले सर्वोत्कृष्ट ब्रिटिश गाणे म्हणून ब्रिट हा तिथला मोठा संगीत पुरस्कार मिळाला. हे औदार्य होते की व्यवहार, असे मला विचाराल तर व्यवहार, आणि तोही पक्का. एकदा एकट्याने गाडा ओढून पाहिलेल्या माणसाला चौघांचे मोल कळते.

या वाटणीमुळेच रॉबीला परत येता आले असे मी मानते. जुलै २०१० मध्ये तो परतल्याचे जाहीर झाले, तेव्हा त्याला ज्या बँडने नकोसे केले होते तो बँड उरलाच नव्हता. नोव्हेंबरमध्ये पाचही जणांनी मिळून लिहिलेला अल्बम आला आणि पहिल्या दिवशी त्याच्या सुमारे २,३५,००० प्रती खपल्या. पुढच्या वर्षीच्या दौऱ्याची तिकिटे पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक विकली गेली.

जून २०११ मध्ये मँचेस्टरच्या मैदानावर त्यांना पाहिले, तेव्हा कार्यक्रमाची रचना मला कोणत्याही गाण्यापेक्षा बोलकी वाटली. आधी चौघेच आले आणि त्यांनी आपल्या चौघांच्या काळातली गाणी म्हटली. मग ते निघून गेले आणि रॉबी एकटा आला, त्याने स्वतःची गाणी गाऊन मैदान डोक्यावर घेतले. त्यानंतरच पाचही जण एकत्र उभे राहिले, आणि त्यांच्यामागे सुमारे साठ फूट उंचीचा एक यांत्रिक मानव हळूहळू उभा राहू लागला. रॉबीच्या यशाला चौघांच्या सावलीत बसवले नव्हते आणि चौघांच्या पुनरागमनाला रॉबीची प्रस्तावना केले नव्हते. माझ्या शेजारी चाळिशीच्या बायका होत्या, त्यांच्या गळ्यात पूर्वीचे फिकट पडलेले स्कार्फ होते. त्या रॉबीच्या वेळी जितक्या ओरडल्या तितक्याच जेसनने दोन पावले नाचून दाखवली तेव्हाही ओरडल्या.

यावरून ही मंडळी संत आहेत असा समज करून घेऊ नका. बार्लो, ओवेन आणि डोनल्ड यांनी ज्या योजनेत पैसे गुंतवले होते ती कर टाळण्यासाठीच असल्याचा निर्णय २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने दिला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना सोलून काढले आणि बार्लोने जाहीर माफी मागितली. पैसा त्यांना नकोसा झाला होता असे मी कधीच म्हटलेले नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेसन बँडमधून बाहेर पडला. कोणाशी भांडण नव्हते, नवा अल्बम आणि त्याचा प्रचार यांत पुन्हा गुंतायचे नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. रॉबीही पुन्हा आपल्या वाटेने गेला होता, आणि उरलेले तिघे तेव्हापासून टेक दॅट म्हणून गात आहेत. २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकानिमित्त विंडसरला झालेल्या मैफलीतही तेच तिघे होते. "पैशासाठीच ना?" असे विचारणाऱ्यांना मी म्हणूनच जेसनविषयी विचारते. मैदाने भरत असताना तो निघून गेला आणि लोकांच्या नजरेआड राहिला. मात्र २००६ नंतर त्याने इतरांबरोबर लिहिलेली गाणी आजही रेडिओवर लागतात, आणि त्यांच्या लेखकांच्या यादीत बार्लोच्या नावाबरोबर त्याचेही नाव आहे.