केबलचा मार्ग दुरुस्तीच्या हिशेबाने

पुण्यात बसून समुद्रतळावरच्या इंटरनेट केबलचे मार्ग आखतो असे सांगितले की बहुतेक जण हसतात. पण भारताचे सागरी नकाशे काढणारे नौदलाचे कार्यालयही देहरादूनलाच आहे. नकाशे, खोलीची मोजमापे, भूकंपांच्या नोंदी आणि मासेमारीची माहिती जुळवून प्राथमिक मार्ग ठरवणे हा कामाचा पहिला टप्पा असतो आणि त्यासाठी समुद्र खिडकीतून दिसावा लागत नाही. सर्वेक्षणाचे जहाज त्यानंतर निघते.

अवघड भाग खोल समुद्रात असेल, असे अनेकांना वाटते. मुंबईच्या बाबतीत मात्र अडचण उथळ पाण्यात आहे, कारण येथील भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्याला लागून असलेला समुद्रतळाचा उथळ भाग, साधारण 300 किलोमीटर रुंद आहे. खोल समुद्रात जेमतेम 2 सेंटीमीटर जाडीची केबल तळावर नुसती सोडली तरी चालते. उथळ पट्ट्यात तिला पोलादी तारांचे कवच चढवावे लागते आणि जहाजामागून ओढल्या जाणाऱ्या फाळाने चर पाडून एक-दोन मीटर खाली पुरावे लागते. त्यात बॉम्बे हायकडून येणाऱ्या तेल आणि वायूच्या वाहिन्या आडव्या येतात. त्या शक्यतो काटकोनात ओलांडाव्या लागतात, आणि तेवढ्या अंतरात फाळ उचलून घ्यावा लागत असल्याने नेमकी तेथेच केबल उघडी राहते. शिवाय किनाऱ्याजवळ कोळ्यांची डोल जाळी खुंटांना बांधून एका जागी रोवलेली असतात. पावसाळ्यात सर्वेक्षण करता येत नाही, आणि पावसाळा सरला की मासेमारीचाही हंगाम सुरू झालेला असतो. कोळ्यांशी आधी बोलून घेणे हे माझ्या मते ध्वनिलहरींनी समुद्रतळ मोजणाऱ्या सोनार यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे.

जगभरात दरवर्षी केबल तुटण्याच्या सुमारे 150 ते 200 घटना घडतात, आणि त्यांतील बहुसंख्य मासेमारी व जहाजांचे नांगर यांमुळे घडतात. म्हणूनच मार्ग आखताना केबल तुटेल तेव्हा काय, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. दोन समांतर केबलमध्ये पाण्याच्या खोलीच्या तिप्पट अंतर ठेवावे, असा संकेत आहे; म्हणजे 3000 मीटर खोलीवर 9 किलोमीटर. दुरुस्तीचे जहाज तळावरून आकडा ओढत तुटलेली टोके वर आणते, नवा तुकडा जोडते आणि वाढलेली लांबी मूळ मार्गाच्या बाजूला वळसा देऊन सोडते. शेजारची केबल जवळ असेल तर आकडा तिच्यात अडकण्याची, किंवा हा वळसा तिच्यावर पडण्याची भीती असते.

समुद्रतळावरील उतारांचे भय वेगळे आहे. 1929 साली उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंडजवळच्या भूकंपानंतर घसरलेल्या गाळाच्या प्रवाहाने तारसंदेश वाहणाऱ्या 12 केबल एकामागून एक तोडल्या. सिंधू नदीच्या मुखासमोरील सागरी घळईपासून मी मार्ग दूर ठेवतो तो याच कारणासाठी, मग लांबी आणि खर्च वाढला तरी चालेल.

मुंबईत उतरणाऱ्या बहुतेक केबल वर्सोव्याजवळच्या अरुंद पट्ट्यात किनाऱ्याला लागतात, आणि हे मला पटत नाही. 2008 साली इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल पाठोपाठ तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले होते. एकाच पट्ट्यातील चार केबल कागदावर चार दिसल्या, तरी भरकटलेल्या एका जहाजाच्या नांगरापुढे त्या एकच ठरू शकतात. पुढची केबल मुंबईऐवजी कोकणात आणखी दक्षिणेला उतरवणे महाग पडेल, पण तो खर्च करायला हवा.