अंजनेरीच्या बांधांवर उंदरांच्या मागावर

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने वीसेक किलोमीटरवर अंजनेरी. भात कापून झालं होतं, म्हणून उंदीर-चिचुंद्र्या पकडून त्यांची नोंद घ्यायला कार्तिक अमावास्या धरून गेलो. चांदण्यात उंदीर उघड्यावर कमी फिरतात, तेव्हा तारीख ठरवताना पंचांग आधी बघा. त्याच्याही आधी परवानगी. प्राणी पकडायचा तर अर्ज नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. तो कागद हातात आल्याशिवाय सापळे गाडीत टाकू नका.

सापळे शर्मनचे, म्हणजे प्राणी जिवंत पकडणारे पेटीसारखे, घडीचे, अॅल्युमिनियमचे. आमिष शेंगदाण्याचं कूट, चिचुंद्रीसाठी चिमूटभर सुकट. गूळ अजिबात नको. मुंग्या लागतात आणि कोंडलेला जीव हकनाक मरतो. दिवस मावळताना दर दहा पावलांवर एक सापळा, प्रत्येकाला नंबर आणि फडक्याची खूण. बीळ चालतं की सोडलेलं, हे गावकरी ताज्या मातीवरून सांगतात. त्यांना सोबत घ्याच.

थंडीत सापळ्यात कापूस घाला. चिचुंद्री काही तास उपाशी राहिली तरी दगावते, म्हणून मध्यरात्री एक फेरी हवीच. दुसरी फेरी उजाडताना, पत्रा तापायच्या आत.

बांधावर मऊ केसांचे शेतउंदीर मिळाले. मुरमाड उतारावर मात्र मन हरखलं: राठ, चपट्या केसांचा उंदीर, शास्त्रीय नाव म्युस प्लॅटिथ्रिक्स! बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचणारा हाच. एवढासा प्राणी खडा खडा वेचून आणतो, हे बिळाशी बसून बघण्यासारखं आहे.

हातमोजे घालूनच हाताळा, लेप्टोचा (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस रोगाचा) धोका असतो. कापडी पिशवीत वजन, मग शेपूट, मागचं पाऊल, कान. पाऊल नखासह मोजलं की नखाविना, ते तिथल्या तिथे लिहा. बहुतेक प्राणी पकडल्या जागीच सोडायचे. शेतमालक म्हणाले, "भाऊ, सोडता कशाला? पीक खातात." नोंद घेतली की काम झालं, हे त्यांना समजावताना चहा झाला.

नमुना म्हणून ठेवायचे ते मोजकेच, परवानगीत असतील तेवढेच. पण ठेवलात तर ठिकाण, तारीख, उंची, मापं, लिंग अशी पूर्ण चिठ्ठी पायाला बांधा. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) 1911 साली सुरू केलेल्या सस्तन प्राणी सर्वेक्षणातली कातडी आजही अभ्यासाला येतात ती अशा चिठ्ठ्यांमुळे. चिठ्ठीविना ठेवलेला प्राणी वाया गेला, असं मी मानतो. यकृताचा तुकडा अल्कोहोलमध्ये, तोच नंबर घालून. शाई वापरू नका, अल्कोहोलमध्ये उतरते; पेन्सिलच बरी.